कोंडा पुन्हा पुन्हा का येतो?

गेल्या अंकात घामोळ्यांवर लिहिलं आणि पत्रं आली ती बहुतेक डोक्याच्या खाजेची. कोल्हापुरातल्या माझ्या दवाखान्यातही हेच. रुग्ण येतो चेहऱ्यावरचे डाग दाखवायला आणि उठता उठता हळूच म्हणतो, "मॅडम, कोंड्याचं पण जरा बघता का?" म्हणून या वेळी सगळी जागा कोंड्याला दिली आहे.

मी माध्यमिक शाळेत शिकवते, वय ३६. फळ्याकडे तोंड केलं की खांद्यावर पडलेला कोंडा मुलांना दिसत असणार, या धास्तीनं मी गडद साड्या नेसणंच सोडलंय. डॉक्टरांनी किटोकोनाझोलचा शाम्पू दिला होता. बाटली संपेपर्यंत छान होतं, पुढच्याच महिन्यात खाज आणि कोंडा परत. यावर कायमचा उपाय सांगा.
– एक शिक्षिका, इचलकरंजी

ताई, कायमचा उपाय नाही. हे आधी सांगते, कारण "मुळापासून कोंडा घालवतो" असं म्हणत कुणी तुम्हाला काही विकायला आलं तर त्याला दारातूनच परत पाठवता यावं. मात्र कोंडा पूर्ण ताब्यात राहू शकतो. गडद साडी नेसताना त्याची आठवणसुद्धा येणार नाही, इतका.

तुमच्या औषधानं काम केलं होतं. ते थांबलं म्हणून कोंडा परतला. आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर मॅलासेझिया नावाची एक बुरशी राहते. माझ्या, तुमच्या, ज्याला आयुष्यात कधी कोंडा झाला नाही त्याच्याही. मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८७४ साली तिचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. हिला स्वतःची चरबी तयार करता येत नाही. त्यामुळे डोक्याच्या त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर ती जगते. ते तेल फोडून तिला हवा तो भाग ती खाते आणि उरलेली आम्लं, त्यातही ओलेइक ॲसिड, त्वचेवर तशीच सोडते. काहींच्या त्वचेला ती चालतात, काहींच्या त्वचेला ती झोंबतात. तुमची त्वचा दुसऱ्या प्रकारची. एरवी त्वचेच्या पेशी सुमारे चार आठवड्यांत खालून वर येतात आणि डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा सुट्या सुट्या गळून जातात. झोंबलेली त्वचा घाई करते. पेशी कच्च्याच वर येतात, एकमेकींना चिकटून गठ्ठ्यानं सुटतात, आणि तोच तुमच्या खांद्यावरचा पांढरा पापुद्रा. म्हणजे अस्वच्छतेचा यात काही दोष नाही. जगातल्या जवळपास निम्म्या प्रौढांना कधी ना कधी हा त्रास होतो. शाळेत मान खाली घालण्यासारखं यात काहीही नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

शाम्पूनं बुरशी कमी होते, संपत नाही. पावसाळ्यात मोरीच्या फरशीवर शेवाळ धरतं, घासलं की जातं, ओल असेपर्यंत पुन्हा धरतं, तसं हे आहे. म्हणून औषधाचे दोन टप्पे असतात आणि दुसरा टप्पा बहुतेकांना कुणी सांगतच नाही. पहिले दोन ते चार आठवडे २ टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान तीन दिवस सोडून. खाज थांबली, पापुद्रे गेले, की तोच शाम्पू आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा, पुढेही चालू ठेवायचा. तुमची गाडी घसरली ती इथे. बाटलीवरची टक्केवारी वाचून घ्या. १ टक्क्याचेही शाम्पू मिळतात आणि गर्दीच्या वेळी दुकानदार हाताला लागेल ती बाटली देतो.

आता लावण्याची रीत. दवाखान्यात मी यावर जितका वेळ घालवते तितका औषध लिहिण्यावरही घालवत नाही. "शाम्पूचा उपयोग झाला नाही" म्हणणाऱ्या अनेकांनी तो केसांना लावलेला असतो आणि अर्ध्या मिनिटात धुऊन टाकलेला असतो. हे औषध त्वचेचं आहे. केसांत तेल असेल तर आधी साध्या शाम्पूनं एकदा केस धुवा. मग ओल्या डोक्यात ठिकठिकाणी भांग पाडून औषधी शाम्पू बोटांच्या पेरांनी त्वचेवर चोळा. कानांमागे, मानेवर केस सुरू होतात तिथे आणि कपाळाच्या कडेलाही. नखं लावायची नाहीत. तीन ते पाच मिनिटं फेस तसाच ठेवा. मोबाइलवर गजर लावा आणि तोवर अंग घासून घ्या. नंतर भरपूर पाण्यानं डोकं धुवा. केस राठ वाटले तर कंडिशनर लावा, पण फक्त केसांच्या लांबीला.

चार आठवडे हे सगळं नीट करूनही फरक पडला नाही, तर औषध बदलावं लागतं. २.५ टक्के सेलेनियम सल्फाइड चांगलं आहे. त्यानं रंगवलेल्या केसांचा रंग मात्र बदलू शकतो, आणि मंगळसूत्र, कानातलं आधी काढून ठेवा. सायक्लोपिरॉक्स हेही बुरशीवरचंच औषध. पापुद्रे जाड असतील तर सॅलिसिलिक ॲसिड किंवा कोल टार असलेला शाम्पू आधी वापरून ते मऊ करून काढावे लागतात, नाहीतर बुरशीवरचं औषध खाली पोचतच नाही. आणि पापुद्रे चांदीसारखे चमकणारे, जाड, केसांची कड ओलांडून कपाळावर आलेले असतील, कोपरांवर-गुडघ्यांवर तसेच चट्टे असतील, नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे असतील, तर तो सोरायसिस असू शकतो. त्यासाठी त्वचेच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवायला हवं. शाम्पूवर शाम्पू बदलत बसण्यात तेवढे महिने वाया जातात.

आमच्याकडे घरच्या नारळांचं, घाण्यावर काढलेलं तेल असतं. नात पंधरा वर्षांची आहे. तिच्या डोक्यात हल्ली कोंडा दिसतो म्हणून मी रात्री तेल चांगलं जिरवून तिची वेणी घालते. सून म्हणते तेल बंद करा. डोकं कोरडं पडल्यावर तेल नाही लावायचं तर काय लावायचं?
– एक आजी, कुडाळ

आजी, सूनबाईंचं निम्मं बरोबर आहे, आणि तुमचंही निम्मं.

कोंडा दिसतो कोरडा, पण त्याच्या खालची त्वचा बहुतेक वेळा तेलकट असते. नातीला पंधराव्या वर्षीच कोंडा का सुरू झाला? कारण वयात येताना त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी जाग्या होतात. लहानपणी त्या बऱ्याच शांत असतात, म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलात असा कोंडा क्वचितच दिसतो. वर लिहिलेल्या बुरशीला हे तेल म्हणजे आयतं जेवण. प्रयोगशाळेत तिला वाढवायचं असलं तरी तिच्या खाद्यात तेल किंवा चरबी घालावीच लागते, त्याशिवाय ती वाढत नाही. नारळाच्या तेलात सर्वांत जास्त असतं लॉरिक ॲसिड, आणि तिला चालणाऱ्या चरबीयुक्त आम्लांत तेही येतं. रात्रभर जिरवलेलं तेल आणि वर घट्ट वेणी, म्हणजे तिला जेवण आणि ऊब दोन्ही मिळाली. तेल लावल्यावर कोंडा दिसत नाही, कारण पापुद्रे भिजून त्वचेला चिकटतात. दोन दिवसांनी ते सुटतात आणि आपण पुन्हा तेल लावतो.

पण केसांसाठी तुमचं तेल खरंच गुणाचं आहे. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी झिजू देतं. हे प्रयोगांत मोजून पाहिलेलं आहे. तेव्हा नातीला जवळ बसवणं सोडू नका. तेल लावा, पण कानांच्या खालच्या लांबीला, न्हाण्याआधी तासभर. टाळूवर नको आणि रात्रभर नको. वेणी थोडी सैल घाला. पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे महिनाभर आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू वापरा. शिकेकाई-रिठा तुम्हाला आवडत असेल तर मधल्या एखाद्या न्हाण्याला जरूर वापरा. मळ त्यानं छान निघतो, पण बुरशी आटोक्यात आणण्याचं काम एकट्या शिकेकाईवर सोपवू नका. लिंबू मात्र अजिबात चोळू नका. खाजवून सोललेल्या त्वचेला ते जाळतं, आणि त्यावर ऊन लागलं तर काळे डाग आणि फोडही उठतात.

तुमच्या स्वतःच्या डोक्याचं वेगळं. उतारवयात त्वचेतलं तेल कमी होतं. थंडीत बारीक, पिठासारखा भुसा पडत असेल, लाली नसेल, फारशी खाज नसेल, तर तो खरा कोरडेपणा. तिथे तुमचं तेल तुम्ही खुशाल लावा.

मी पुण्यात दुचाकीवरून घरपोच सामान पोचवतो. दिवसभर हेल्मेट. डोक्यात खाज होतीच, मग भुवया, मिशी आणि नाकाच्या कडेला लाल होऊन साल सुटायला लागली. मेडिकलवाल्यानं एक मलम दिलं. दोन दिवसांत चेहरा साफ. आता ते लावलं नाही की आधीपेक्षा जास्त लाल होतं, आग होते. मलमाचा फोटो पाठवला आहे.
– एक तरुण, पुणे

दादा, हे उत्तर छापून यायची वाट न पाहता संपादकांमार्फत तुम्हाला आधीच कळवलं आहे. इथे छापते ते इतरांसाठी.

डोक्यातला कोंडा आणि भुवया-मिशीतली साल हा एकच आजार. चेहऱ्यावर, कानांमागे, छातीच्या मध्यभागी, जिथे त्वचा तेलकट तिथे तो पसरतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या मलमात तीन औषधं आहेत: बुरशीवरचं एक, जंतूंवरचं एक, आणि क्लोबेटासॉल. हे शेवटचं म्हणजे त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडांपैकी सर्वांत जहाल. दोन दिवसांत चेहरा साफ झाला तो त्याच्यामुळे. चेहऱ्याची त्वचा पातळ असते. तिथे ते आठवडेच्या आठवडे लावलं की त्वचा आणखी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येतं, आणि मलम थांबवताच चेहरा पेटतो. तुमचं तेच झालंय. अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत म्हणून २०१८ साली सरकारनं औषधविक्रीचे नियम कडक केले. तरी ती साबणासारखी काउंटरवरून हातात पडतात याची मला चीड आहे. आपल्या देशात आज नायट्यासारखे साधे आजार औषधांना दाद देईनासे झालेत, त्याला या मिश्र मलमांचा मोठा हातभार आहे.

या आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि मलमाची ट्यूब सोबत न्या. मलम थांबल्यावर काही आठवडे लाली वाढेल. ते सोसण्यासाठी दुसरी औषधं देता येतात. टॅक्रोलिमस हे त्यातलं एक, स्टिरॉइड नसलेलं. त्या दिवसांत घाबरून पुन्हा त्याच ट्यूबकडे वळू नका. मूळ आजारासाठी चेहऱ्यावर २ टक्के किटोकोनाझोलचं साधं मलम पुरतं, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही असं. डोकं धुताना त्याच औषधाच्या शाम्पूचा फेस भुवयांवर आणि मिशीवरही लावा, डोळे मिटून. काही दिवस दाढी-मिशी उतरवलीत तर औषध लवकर पोचेल.

हेल्मेटनं हा आजार होत नाही, घाम कोंडून तो चिघळतो. आत सुती रुमाल बांधा आणि तो रोज बदला. अस्तर निघत असेल तर आठवड्यातून एकदा धुऊन उन्हात वाळवा. आणि हेल्मेट काढून गाडी चालवायचा विचारही मनात आणू नका.

मुलगा सात वर्षांचा. डोक्यात कोंड्यासारखं दिसत होतं म्हणून मोठ्यांचा कोंड्याचा शाम्पू लावला. आता रुपयाएवढ्या जागेतले केस तुटून गेलेत आणि तिथे सुजून पू आलाय. घरचे म्हणतात गोटा करा आणि गळू फोडून घ्या.
– एक आई, नांदेड जिल्हा

ताई, फोडू नका. गोटा करायचीही गरज नाही. आज-उद्याच डॉक्टरांना दाखवा.

पत्रावरून हा कोंडा वाटत नाही. लहान मुलाच्या डोक्यात गोल जागेतले केस तुटत असतील, काळे ठिपके दिसत असतील, मानेमागे गाठी लागत असतील, तर तो डोक्यातला नायटा असण्याची शक्यता मोठी. ही बुरशी वेगळ्या जातीची. आपल्याकडे बहुधा ट्रायकोफायटॉन व्हायोलेसियम सापडते, आणि ती केसाच्या आत, मुळापर्यंत शिरते. तिथे शाम्पू पोचत नाही. पोटातून औषध द्यावंच लागतं: टर्बिनाफिन साधारण चार आठवडे किंवा ग्रायसिओफुल्विन सहा ते आठ आठवडे, मुलाच्या वजनाप्रमाणे. ग्रायसिओफुल्विन दुधाबरोबर किंवा तूप घातलेल्या जेवणाबरोबर दिलं की अंगात चांगलं शोषलं जातं. सूज आणि पू बहुतेकदा शरीर त्या बुरशीशी लढतंय म्हणून असतात. चिरा देऊन काही साधत नाही आणि उशीर झाला तर त्या जागी केस कायमचे जातात. म्हणून एवढी घाई करायला सांगते आहे. डॉक्टर तिथले तुटके केस काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतील.

कोंडा एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हा मात्र लागतो. कंगवा, टोपी, टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा ठेवा. धाकट्या भावंडांची डोकी उजेडात तपासा. या काळात घरातल्या सगळ्यांनी आठवड्यातून दोनदा बुरशीवरचा शाम्पू वापरला तर पसरणं कमी होतं. घरात मांजरीचं पिल्लू असून त्याचेही केस जागोजागी गळत असतील तर डॉक्टरांना आठवणीनं सांगा. औषध सुरू झालं की मुलाला शाळेत पाठवायला हरकत नसते.

आम्ही म्युनिकला राहतो. भारतातून आणलेला झिंक पायरिथिऑनचा शाम्पू संपला. इथे त्याच कंपनीच्या बाटलीत ते औषधच नाही. तिकडचा शाम्पू धोकादायक होता का?
– एक वाचक, जर्मनी

युरोपीय संघानं मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत झिंक पायरिथिऑन वापरायला बंदी केली. प्राण्यांवरच्या अभ्यासांत गर्भावर परिणाम दिसल्यानं ते गर्भाला घातक ठरू शकणाऱ्या पदार्थांच्या वर्गात गेलं, आणि त्या वर्गातला पदार्थ दुसरा पर्याय असताना प्रसाधनात चालत नाही, असा तिथला कायदा आहे. धुऊन टाकायच्या शाम्पूमधून ते अंगात फार थोडं जातं. इतकी वर्षं वापरलंत म्हणून काळजी करू नका. तिथे बाटलीवर पिरोक्टोन ओलामाइन हे नाव शोधा. सौम्य कोंड्याला ते पुरतं. नाही पुरलं तर औषधाच्या दुकानात किटोकोनाझोल मागा.

बाळ दोन महिन्यांचं आहे. टाळूवर पिवळट, मेणासारख्या खपल्या धरल्यात. आई म्हणते टाळू रोज तेलानं भरायलाच हवी.
– एक बाळंतीण, सातारा

बाळ नीट दूध पितंय, हसतंय, खपल्यांमुळे किरकिरत नाही, तर काळजी नको. हे पुष्कळ बाळांना होतं आणि काही महिन्यांत आपोआप जातं. आंघोळीआधी थोडं बेबी ऑइल किंवा पेट्रोलियम जेली लावून खपल्या मऊ करा, मऊ ब्रशनं अलगद सोडवा आणि बाळाच्या शाम्पूनं सगळं तेल धुऊन काढा. नखानं खरवडू नका. टाळू हाडं जुळून आपली आपण भरते, बहुतेक बाळांची दीड वर्षापर्यंत. तेल थांबवल्यानं ती उघडी राहणार नाही, हे आईला माझ्या नावानं सांगा. खपल्यांतून पाणी येऊ लागलं किंवा लाली अंगभर पसरली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

वडील ६८ वर्षांचे, दोन वर्षांपासून पार्किन्सन आहे. हृदयाची झडप बदलल्यामुळे रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू आहे. डोक्यात आणि भुवयांत कोंडा फार झाला म्हणून दुकानातून फ्लुकोनाझोलच्या गोळ्या आणल्या, आठवड्याला एक. दोन घेऊन झाल्या. किती आठवडे द्यायच्या?
– एक मुलगा, सोलापूर

पुढची गोळी देऊ नका. फ्लुकोनाझोलमुळे वॉरफरिनचा अंमल वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. हृदयाच्या डॉक्टरांना आजच फोन करा, गोळ्या घेतल्याचं सांगा आणि ते सांगतील तेव्हा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. हिरड्यांतून रक्त, काळी शी, अंगावर निळे डाग किंवा जोराची डोकेदुखी, यांतलं काहीही दिसलं तर फोनची वाट न बघता थेट रुग्णालयात न्या. वॉरफरिन मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका, नव्या झडपेला ते लागतं.

पार्किन्सनच्या रुग्णांत असा कोंडा नेहमी दिसतो, त्यांच्या त्वचेवर तेल जास्त साचतं. त्यावर गोळ्या लागत नाहीत. साध्या कोंड्यासाठी किटोकोनाझोलच्या गोळ्या तर कुणालाच नकोत. त्या यकृताला इजा करतात म्हणून २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामकानं त्या बंद करण्याची शिफारस केली आणि अमेरिकेनं त्यांच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या. शाम्पूमधलं तेच औषध कातडीतून रक्तात जवळजवळ जात नाही, म्हणून तो निर्धास्त वापरा. हात थरथरत असल्यानं वडिलांना स्वतः नीट चोळता येत नसेल. त्यांना न्हाणीघरात पाठीला टेका असलेल्या खुर्चीवर बसवा, फेस तुम्ही लावा, पाच मिनिटं जवळ थांबा आणि ओल्या फरशीवरून उठवताना हात धरा.